उतरवलेल्या गिअरबॉक्सची उरलेली कामे

जुन्या मालट्रकात चालकाच्या शेजारी बसून ज्यांनी एखादा लांबचा पल्ला गाठला आहे, त्यांच्या ध्यानात एक विसंगती खचित आली असेल. हौदा मालाने गच्च भरलेला आणि पुढे घाटाची चढण उभी, अशा वेळी त्या ट्रकाचे इंजिन संथ, भरदार स्वरात, फारसे काही घडत नसल्याच्या थाटात वर चढत जाते. परंतु तोच ट्रक माल उतरवून रिकामा परत निघाला, सपाट आणि सरळ अशा हमरस्त्याला लागला आणि घरच्या ओढीने चालकाने वेग ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या पुढे नेला, की तेच इंजिन आक्रोश करू लागते, दारांच्या काचा थरथरतात आणि शेजारच्या माणसाला किती वाजले हे विचारायचे तरी आवाज चढवावा लागतो. जेथे श्रम अधिक तेथे शांतता आणि जेथे श्रम कमी तेथे कोलाहल, हा उलटा न्याय कोठला?

न्याय उलटा नाही. इंजिनाचा कोलाहल हा बव्हंशी त्याच्या फेऱ्यांचा असतो, ओझ्याचा नव्हे. आणि मिनिटाला किती फेरे घ्यायचे हे इंजिनाच्या मर्जीवर नसून चाकाचा वेग आणि मधल्या दातेरी चाकांची गुणोत्तरे ह्यांवर अवलंबून असते. जुन्या ट्रकांची गुणोत्तरे ज्या रस्त्यांच्या बेताने ठरविली गेली, ते रस्ते आता राहिलेले नाहीत. म्हणून जुन्या वाहनांचे शौकीन इंजिन तेच ठेवून मधला गिअरबॉक्स तेवढा नवा, पाच गिअरांचा, बसवितात. हे काम दुरून पाहणाऱ्याला चार बोल्ट काढून चार बोल्ट लावण्याचे वाटते. प्रत्यक्षात त्यातला सर्वांत सोपा भाग गिअरांचाच असतो. खरी अडचण येते ती जुना गिअरबॉक्स गिअर बदलण्याखेरीज जी अनेक कामे वर्षानुवर्षे बिनबोभाट करीत आला, त्या प्रत्येकाचा नवा बंदोबस्त लावताना.

चाकाचा हिशेब

विवेचनासाठी एक निश्चित वाहन समोर ठेवू. अमेरिकेच्या शेव्हरोले कंपनीने १९४७ च्या उन्हाळ्यात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाची जी ट्रकमालिका बाजारात आणली आणि जी १९५५ च्या आरंभापर्यंत चालू राहिली, तीतला अर्ध्या टनाचा लहान ट्रक तेथील हौशी मंडळींचा आजही विशेष लाडका आहे. (उघड्या हौद्याच्या अशा लहान वाहनालाही अमेरिकेत ट्रकच म्हणतात.) आपल्याकडे हे नाव परके नाही, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला होता आणि १९५४ साली त्याला कुलूप लागेपर्यंत शेव्हरोलेची वाहने तेथून बाहेर पडत होती.

१९५३ पर्यंत ह्या लहान ट्रकात २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन असे. त्याच्यामागे तीन गिअरांचा गिअरबॉक्स, आणि मागे, आपले मेस्त्री ज्याला ‘हाउसिंग’ म्हणतात त्या मागच्या आसाच्या पेटीत, ४.११ ला १ हे गुणोत्तर. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ४.११ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. तिसऱ्या, अर्थात टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स वेगात काहीच बदल करीत नाही, इंजिनाचा एक फेरा तोच शाफ्टचा एक फेरा. टायरचा बाहेरचा व्यास २८ इंच धरला तर परीघ सुमारे २.२३ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर वेगासाठी अशा चाकाला मिनिटात सुमारे ७४६ फेरे घ्यावे लागतात, आणि त्यांना ४.११ ने गुणले की इंजिनाच्या माथी सुमारे ३०७० फेरे पडतात.

आजच्या इंजिनाला तीन हजार फेरे म्हणजे रोजचा व्यवहार. परंतु ह्या इंजिनाच्या पिस्टनाची धाव पावणेचार इंचांची, म्हणजे सिलिंडरच्या साडेतीन इंच व्यासाहूनही लांब आहे. त्याच्या कनेक्टिंग रॉडांची बेअरिंगे मऊ बॅबिट धातू ओतून घडविलेली आहेत. आणि त्या बेअरिंगांना तेल आजच्यासारखे पंपाच्या दाबाने आतून पोचत नाही, तर तळाच्या पन्हळींतले तेल रॉडांच्या टोकाला असलेल्या पळ्यांनी उचलून आणि झेलून घ्यावे लागते. शेतावरून गावापर्यंत आणि गावातून बाजारापर्यंत, ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या आत जाणाऱ्या वाहनाला ही व्यवस्था पुरेशी होती. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्याचा कायदा झाला तो १९५६ साली, ही मालिका बंद पडल्यानंतर. तेव्हा तासन्‌तास एकाच चढ्या वेगाने धावण्याची तरतूद तीत नसली तर दोष रचनाकारांना देता येत नाही.

पाचवा गिअर काय करतो

गिअरबॉक्सच्या पोटात मुख्यतः दोन शाफ्ट एकाखाली एक असतात. वरचा शाफ्ट अखंड दिसला तरी तो दोन तुकड्यांचा असतो: पुढचा तुकडा क्लचकडून शक्ती घेतो, मागचा तुकडा ती चाकांकडे पाठवितो. खालचा शाफ्ट पुढच्या तुकड्याबरोबर सदैव फिरत राहतो आणि त्याच्यावरची दातेरी चाके मागच्या तुकड्यावरच्या चाकांशी जोडीने गुंतलेली असतात. खालचे चाक लहान आणि वरचे मोठे असेल तर वेग घटतो व ओढ वाढते. हे पहिल्या-दुसऱ्या गिअरचे काम. वरचे दोन्ही तुकडे एकमेकांना थेट जखडले की १ ला १, जुन्या ट्रकाचा तिसरा आणि नव्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर. पाचव्यात मात्र खालचे चाक मोठे आणि वरचे लहान असते. त्यामुळे इंजिनाच्या एका फेऱ्यापेक्षा शाफ्टचा फेरा अधिक भरतो. इंजिन हळू, वाहन वेगात. ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात ते हेच.

अशा जुन्या लहान ट्रकांसाठी ज्या गिअरबॉक्सला सर्वाधिक पसंती मिळते, तो म्हणजे बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ‘टी-५’. ह्याचे कवच अल्युमिनियमचे, वजन सुमारे ३४ किलो, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभापासून तो शेव्हरोलेच्या एस-१० ह्या लहान ट्रकात, कॅमारो मोटारीत आणि फोर्डच्या मस्टँगमध्येही बसविला जाऊ लागल्याने भंगारबाजारात त्याची टंचाई नसते. पुढचे पाचही गिअर ‘सिंक्रोमेश’ असतात. सिंक्रोमेश म्हणजे गुंतण्यापूर्वी दोन भागांचे वेग समान करणारी शंकूच्या आकाराची कडी: ती आधी घासते, घर्षणाने वेग जुळविते, आणि वेग जुळल्यावरच दात एकमेकांत शिरू देते. जुन्या तीन गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला ही सोय नव्हती. वाहन पुरते थांबल्याशिवाय पहिला टाकू गेले की दात खरडल्याचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू जाई.

> चौकट: ताशी १०० किमी वेगाला इंजिनाचे फेरे
> (टायर २८ इंच, हाउसिंग ४.११)
> जुना टॉप गिअर, १.०० – सुमारे ३०७०
> चार सिलिंडरांच्या एस-१० मधील टी-५, पाचवा ०.८६ – सुमारे २६४०
> मस्टँगमधील टी-५, पाचवा ०.६८ – सुमारे २०९०

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, एवढा खटाटोप कशाला? हाउसिंगमधले गुणोत्तरच ४.११ ऐवजी ३.५५ केले तर १०० च्या वेगाला फेरे २६५० वर येतात, म्हणजे ०.८६ च्या पाचव्या गिअरइतकाच लाभ पदरात पडतो. हिशेब बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की हाउसिंग बदलले म्हणजे सगळेच गिअर बदलले. जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.९४ आहे, ४.११ शी गुणून तो सुमारे १२ ची ओढ देतो, ३.५५ शी गुणून जेमतेम साडेदहाची, आणि भरल्या ट्रकाला चढावर जागचे हलविताना ह्या दीडाची उणीव क्लचप्लेटच्या जळक्या वासाने कळते. उलट एस-१० च्या टी-५ चा पहिला गिअर ४.०३ आहे, तो ४.११ शी जोडला तर ओढ साडेसोळाच्या वर जाते, इतकी की वाहन हलले न हलले तोच दुसरा टाकावा लागतो. माझ्या मते, हा गिअरबॉक्स आणि ३.५५ किंवा ३.७३ चे हाउसिंग ही जोडी अधिक शहाणपणाची.

हाउसिंगचे नाक कोणी धरायचे

हाउसिंगचा विषय येथे नुसता सोयीचा म्हणून आलेला नाही. ह्या शेव्हरोले ट्रकात तो टाळताच येत नाही, आणि त्याचे कारण समजले म्हणजे गिअरबॉक्स किती परकी कामे अंगावर घेतो ह्याचा पहिला मोठा दाखला मिळतो.

इंजिन शाफ्टामार्फत हाउसिंगमधल्या चाकांना फिरविते आणि ती चाके आसाला पुढे फिरवितात. परंतु प्रत्येक क्रियेला प्रतिक्रिया असते ह्या न्यायाने, चाक पुढे फिरत असता हाउसिंगचे सबंध धूड उलट्या अंगाला, म्हणजे शाफ्टकडचे आपले नाक वर उचलून, फिरू पाहते. हा पीळ कोठे तरी अडवावाच लागतो. बहुतेक ट्रकांत तो मागचे पाटे अडवितात: हाउसिंग पाट्यांवर यू बोल्टांनी घट्ट आवळलेले असते आणि उघडा प्रोपेलर शाफ्ट फक्त फिरण्याचे काम करतो. १९५४ पर्यंतच्या ह्या शेव्हरोले ट्रकांत मात्र शाफ्ट एका जाड पोलादी नळीत बंदिस्त असे. नळीचे मागचे टोक हाउसिंगला बोल्टांनी जखडलेले, आणि पुढचे टोक गिअरबॉक्सच्या शेपटीवरच्या एका मोठ्या गोलाकार खोबणीत बसविलेले, जेणेकरून खड्ड्यांतून जाताना नळी वरखाली डुलेल पण हाउसिंगला नाक उचलू देणार नाही. ह्या खोबणीच्या आतच एकुलता एक युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकलेल्या अवस्थेतही फिरता राहणारा सांधा, असे आणि त्याला वंगणही गिअरबॉक्समधलेच मिळे. नळी हाउसिंगबरोबर एकजीव असल्यामुळे मागच्या बाजूला दुसऱ्या जॉइंटची गरजच नव्हती.

आता ह्या गिअरबॉक्सची रवानगी करून त्याच्या जागी टी-५ आणला तर काय होते? टी-५ च्या शेपटीत उघड्या शाफ्टसाठी दातेरी खाचा असलेला दांडा आहे. गोल खोबण नाही. नळीचे पुढचे टोक लोंबकळते राहते आणि हाउसिंगच्या पिळाला मालक उरत नाही. म्हणून नळीसह जुने हाउसिंग काढून उघड्या शाफ्टचे हाउसिंग बसविणे प्राप्त होते. शेव्हरोलेने स्वतः १९५५ च्या आरंभी अर्ध्या टनाच्या ट्रकात नळी सोडून उघडा शाफ्ट स्वीकारला, तेव्हा हा फेरफार मूळ घराण्याच्या वहिवाटीला सोडून आहे असेही म्हणता येत नाही.

गंमत अशी की, कॅमारोमधून काढलेला टी-५ पाहिला तर त्याच्या शेपटीवर एक वेगळाच धरता पट्टा आढळतो. त्या मोटारीत हाउसिंगचे नाक आवरण्यासाठी एक लांब भुजा गिअरबॉक्सच्या शेपटीपर्यंत आणलेली असते. नळी गेली तरी तिचे काम वेगळ्या वेषात तेथे शिल्लकच राहिले. शिवाय तो गिअरबॉक्स सुमारे १७ अंशांनी एका अंगाला कललेला बसतो. जुन्या ट्रकासाठी स्वस्त मिळतो म्हणून हा नमुना उचलणाऱ्याच्या पदरी कलता गिअर दांडा येतो. एस-१० चा गिअरबॉक्स सरळ बसतो, तोच घ्यावा.

मध्य साधणे

सबंध कामाचा मर्मबिंदू इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्यामधल्या जेमतेम वीतभर जागेत आहे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील, तिच्यावर क्लच, आणि ह्या दोहोंना झाकणारे घंटेच्या आकाराचे ओतीव कवच म्हणजे बेल हाउसिंग. जुने बेल हाउसिंग फेकून नव्या गिअरबॉक्सचेच का वापरू नये, हा प्रश्न साहजिक आहे. पण ह्या ट्रकात इंजिनाची मागची माउंटिंगे बेल हाउसिंगवरच आहेत, म्हणजे इंजिनाचे अर्धे ओझे चासीवर पोचविण्याचे कामही तेच करते. ते काढले तर इंजिनाला नवा आधार घडवावा लागेल. म्हणून रूढ मार्ग असा की जुने बेल हाउसिंग जागेवर राहू द्यायचे आणि त्याच्या व टी-५ च्या मध्ये एक जाड पट्टी, म्हणजे ॲडॅप्टर प्लेट, घालायची: तिच्या एका अंगाला जुन्या बोल्टांची भोके, दुसऱ्या अंगाला नव्या बोल्टांची.

भोके जुळली म्हणजे काम झाले असे मानणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचेच क्लच वर्षभरात बाद होतात. गिअरबॉक्सच्या पुढे निघालेल्या शाफ्टला दोन ठिकाणी आधार असतो. त्याचे टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या बुडाशी बसविलेल्या छोट्या पायलट बुशात शिरते, आणि मागे तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये धरलेला असतो. एक आधार इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा. दोघे एकाच सरळ रेषेत आहेत की नाही हे ठरविणार बेल हाउसिंग आणि ती पट्टी. आपल्या जुन्या घरांतले जाते ज्यांनी ओढले आहे त्यांना ह्याची कल्पना चटकन येईल. खालच्या तळीत मधोमध बसविलेली लोखंडी खुंटी किंचित जरी एका बाजूला गेली, तरी वरची तळी फिरते खरी, पण प्रत्येक फेऱ्यात एका अंगाला अडखळते, पीठ एकीकडे बारीक आणि एकीकडे भरड पडते, आणि दळणारीचा खांदा दुखून येतो. फरक इतकाच की जाते मिनिटाला फार थोडे फेरे घेते आणि हा शाफ्ट तीन हजार घेतो.

किती चूक चालते? कारखान्यांत आणि चांगल्या गॅरेजांत रूढ असलेली मर्यादा एका इंचाचे पाच सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, ही आहे. ती मोजण्याची रीत पाहण्यासारखी असते. क्लच काढून टाकतात. फ्लायव्हीलवर चुंबकाच्या पायाचा डायल गेज उभा करतात आणि त्याची टोचणी बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवितात. मग मेस्त्री पान्ह्याने क्रँकशाफ्ट हळूहळू फिरवितो, टोचणी भोकाच्या कडेने सबंध प्रदक्षिणा घालते, आणि वर, खाली व दोन्ही बाजूंना काटा काय दाखवितो हे खडूने तिथल्या तिथे लिहून ठेवतात. वर शून्य आणि खाली दहा सहस्रांश असे निघाले, तर केंद्र दहाने नव्हे, पाचने सरकलेले असते. कारण कडेवर दिसणारा फरक हा केंद्राच्या चुकीच्या दुप्पट असतो. हे विसरून दुप्पट दुरुस्ती करणारे मेस्त्री मुळीच विरळा नाहीत. दुरुस्तीसाठी बेल हाउसिंगला जागेवर धरणाऱ्या साध्या खुंट्यांऐवजी मध्य किंचित सरकवून घडविलेल्या खुंट्या मिळतात. त्या फिरवून केंद्र हव्या त्या बाजूला रेटता येते. मोजणी बेल हाउसिंगवर संपवून चालत नाही, पट्टी बोल्टांनी आवळल्यावर तिच्या भोकावरही ती पुन्हा करावी लागते, आणि टोचणी कडेऐवजी सपाट तोंडावर धरून दोन्ही तोंडे समांतर आहेत की नाहीत तेही पाहावे लागते. हाताच्या ड्रिलने भोके पाडलेली पट्टी मी तरी स्वीकारणार नाही. सगळी भोके आणि मधले वर्तुळ मिलिंग यंत्रावर एकाच बांधणीत कापलेले असावे.

मध्याइतकीच खोलीही महत्त्वाची. पट्टीच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागे सरकतो, तेव्हा शाफ्टचे टोक पायलट बुशात पुरेसे शिरते ना, हे आधी मोजून घ्यावे. आखूड पडले तर टोक अधांतरी डुलते. लांब झाले तर ते क्रँकशाफ्टला पुढे रेटते आणि त्याची शिक्षा इंजिनाच्या थ्रस्ट बेअरिंगला होते. क्लचप्लेट मात्र दोन घरांची असते: तिचा बाहेरचा व्यास जुन्या प्रेशर प्लेटला जुळणारा आणि मधल्या बोकातल्या, म्हणजे हबातल्या, खाचा नव्या शाफ्टला जुळणाऱ्या लागतात. जुन्या शेव्हरोलेच्या शाफ्टला दहा खाचा, तर एस-१० च्या पुष्कळशा शाफ्टांना चौदा. चांगला क्लच दुरुस्त करणारा बोक बदलून अशी प्लेट रिव्हेट करून देतो.

शाफ्टचे दोन सांधे

नळी गेली, उघडा शाफ्ट आला, आणि त्याबरोबर एकाऐवजी दोन युनिव्हर्सल जॉइंट आले. ज्याला आपण ‘क्रॉस’ म्हणतो त्या जॉइंटमध्ये एक जन्मजात खोड आहे: तो वाकवून फिरविला की पुढचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असतानाही मागचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वेगाने आणि दोनदा किंचित हळू फिरतो. दहा अंशांच्या कोनाला हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये तोच थरथर बनून बैठकीत जाणवतो. त्यावरचा उपाय सुंदर आहे. दुसरा क्रॉस तितक्याच कोनात आणि पहिल्याशी जुळत्या दिशेत बसविला, की पहिल्याने घातलेली वेगाची घट दुसरा भरून काढतो आणि हाउसिंगला एकसारखी गती मिळते. त्यासाठी गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेषा आणि हाउसिंगच्या नाकाची रेषा समांतर हवी.

म्हणून नव्या हाउसिंगवर पाट्यांच्या बैठका वेल्ड करण्याची घाई करू नये. वाहन आपल्या चाकांवर, आपल्या वजनाने दबलेले असताना कोनमापक लावून हाउसिंग फिरवावे, नाक समांतर रेषेपेक्षा एखाद-दुसरा अंश खाली ठेवावे, कारण ओढ लागली की पाटे किंचित पिळून ते वर उचलले जाणारच. आणि मग आधी टाके मारून, पुन्हा मोजून, शेवटी पक्के वेल्ड करावे.

किरकोळ म्हणून राहून जाणारी कामे

अगदी आरंभीचे नमुने सोडले तर जुना तीन गिअरांचा गिअरबॉक्स स्टिअरिंगच्या दांड्यावरून बदलला जाई. टी-५ चा दांडा जमिनीतून वर येतो आणि तो कोठे वर येईल हे शेपटीच्या नमुन्यावर ठरते: मस्टँगचा दांडा बराच मागे, ह्या ट्रकाच्या सलग बाकाखाली निघतो, एस-१० चा पुढे, बाकाच्या अलीकडे. म्हणून मस्टँगचे गिअर आवडणारेही शेपटी एस-१० ची लावून घेतात. ती शेपटी अर्थातच अधांतरी ठेवायची नाही. तिच्याखाली रबरी माउंटिंग आणि चासीत नवी आडवी पट्टी हवी, कारण मूळ रचनेत गिअरबॉक्स नुसता बेल हाउसिंगला लटकलेला होता.

वेगमापकाची केबलही गिअरबॉक्समधूनच निघते. ४.११ साठी बेतलेला काटा ३.७३ चे हाउसिंग बसल्यावर खोटी साक्ष देतो: प्रत्यक्ष वेग १०० असताना तो ९१ च्या आसपास दाखवितो, आणि दंडाची पावती हातात पडेपर्यंत चालकाला आपण मर्यादेत असल्याचा भ्रम राहतो. केबल फिरविणाऱ्या छोट्या चाकाचे दात बदलले की हा दोष जातो.

काही मोठ्या जुन्या ट्रकांत आणखी एक सापळा असतो. त्यांचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या शेपटीवरच्या एका ड्रमवर असतो, आणि गिअरबॉक्स उतरला की त्याबरोबर हातब्रेकही जातो. त्याची पर्यायी तजवीज झाल्याशिवाय वाहन गॅरेजच्या उतरणीवरसुद्धा उभे करू नये.

वंगणाबाबत जुन्या हातांना सांगावे लागते. जुन्या गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचे घट्ट तेल ओतण्याचा प्रघात होता. टी-५ च्या १९८५ नंतरच्या सुधारित नमुन्यात सिंक्रो कड्यांना कागदी जातीचे अस्तर असते आणि त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल लागते. घट्ट तेलात कडी वेग जुळवायला उशीर करते आणि थंडीत सकाळी दुसरा गिअर बसता बसत नाही.

हलका की वजनदार

२१६ घनइंची इंजिनाचा पीळ १७४ फूट-पौंड आहे आणि टी-५ चा आरंभीचा नमुनाही २६५ पर्यंत सोसतो, तेव्हा शनिवार-रविवारी फिरायला निघणाऱ्या लहान ट्रकाला तो पुरून उरतो. रोज माल वाहायचा असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल किंवा ट्रक एका टनाचा असेल, तर अल्युमिनियमच्या कवचावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. तेथे ‘एनव्ही-४५००’ हा बिडाच्या कवचाचा, ९० किलोंच्या घरातला पाच गिअरांचा गिअरबॉक्स योग्य. १९९० च्या दशकात तो जनरल मोटर्स आणि डॉज ह्या दोन्हींच्या ट्रकांत आला. त्याचा पहिला गिअर आरंभी ६.३४ आणि पुढे ५.६१ होता, पाचवा ०.७३. डॉजच्या नमुन्यात पाचव्या गिअरची नट सैल होण्याची जुनी तक्रार आहे. जुना नग घेताना आधी तिची खातरजमा करावी.

पाचवा केव्हा टाकावा

पाचवा गिअर मिळाला म्हणून तो सदैव वापरण्याचा मोह अनावर असतो, आणि बॅबिटच्या बेअरिंगांना तो मोह तीन हजार फेऱ्यांइतकाच घातक ठरतो. शाफ्ट आणि बेअरिंग ह्यांच्यामधला तेलाचा पडदा फिरण्याच्या वेगावर टिकतो. फेरे कमी आणि दाब अधिक झाला की पडदा फाटतो व धातूला धातू लागतो, आणि पळ्यांनी तेल उचलणाऱ्या ह्या इंजिनात मंद फेऱ्यांना तेलही कमीच उडते. ४.११ चे हाउसिंग आणि ०.६८ चा पाचवा अशी जोडी असेल, तर ताशी ७० किलोमीटरला इंजिनाचे फेरे १४६० वर येतात. सपाट रस्त्यावर, रिकाम्या हौद्याने, तेवढे चालते. पुढे चढ दिसला, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढेनासा झाला आणि पायाखाली घुमणारी खोल गुरगुर लागली, की क्षणाचाही विलंब न लावता चौथा टाकावा; त्याच वेगाला इंजिन तत्काळ सुमारे २१५० फेऱ्यांवर जाते आणि बेअरिंगांना पुन्हा तेल मिळू लागते.